उन्हाळी भात : विहिरीचं पाणी मार्चमध्ये कमी पडतं, खाचर सुकवून पुन्हा भरायची पद्धत नेमकी कशी करायची?

खाचर_शहापूर

नमस्कार मंडळी. शहापूर तालुक्यात ३० गुंठे उन्हाळी भात आहे, वाण कर्जत-३, लावणी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. सहा खाचरं उतारावर एकाखाली एक. खालची चार चिकट काळसर मातीची, वरची दोन मुरमाड. पाणी विहिरीचं, ५ एचपीचा पंप, अडीच इंची डिलिव्हरी. पाणी वरच्या खाचरात सोडायचं आणि तिथून ते मोरीने, म्हणजे बांधातल्या वाटेने, खाली उतरत जातं, अशी रचना. सध्या कायम पाणी उभं ठेवतो.

अडचण मार्चची. भात पोटरीत येतं (लोंबी बाहेर पडायच्या आधी बुंधा फुगतो) त्याच सुमारास विहीर रोज तीन तासांत तळाला जाते. पाइप रोवून पाणी मोजायचं आणि मगच पुढचं पाणी द्यायचं, ही पद्धत ऐकून आहे. पाइप कसा करायचा, किती खाली गेल्यावर पाणी द्यायचं, कोणत्या अवस्थेत अजिबात सुकवायचं नाही, आणि तण वाढलं तर काय, हे ज्यांना नीट माहीत आहे त्यांनी सांगावं.

---

पाणीमाप

दादा, पाइपकडे वळण्याआधी एक हिशोब करा. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

१ गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. त्यावर १ सेंमी पाणी म्हणजे साधारण हजार लिटर. ३० गुंठ्यांवर १ सेंमी म्हणजे ३० हजार लिटर, ५ सेंमी म्हणजे दीड लाख. आता भाताची रोजची गरज बघा. मार्चच्या उन्हात पीक आणि पाण्याचा पृष्ठभाग मिळून दिवसाला ५ ते ६ मिमी पाणी हवेत जातं. नीट चिखलणी झालेल्या चिकट खाचरात खाली मुरतं ते आणखी ३-४ मिमी. एकूण धरा १ सेंमी. म्हणजे तुमच्या सगळ्या भाताला रोज सुमारे ३० हजार लिटर पुरायला हवेत.

आता पंप. २०० लिटरचा ड्रम डिलिव्हरीखाली धरा आणि भरायला किती सेकंद लागतात ते बघा. पंप चालू केल्यावर एकदा आणि विहीर तळाला जायच्या जरा आधी एकदा, कारण पाणी खाली गेलं की पंपाची फेक कमी होते. समजा सरासरी २० सेकंद आले, तर तासाला ३६ हजार लिटर, तीन तासांत लाखाच्या वर. गरज तीस हजाराची आणि उपसा लाखाचा असेल, तर विहिरीला दोष देण्यात अर्थ नाही. पाणी कुठून तरी निसटतंय. आधी ते शोधा. गळक्या खाचरात पाइप रोवून फक्त गळती मोजली जाते, थांबत नाही.

गळती बघायची सोपी रीत : संध्याकाळी पाणी बंद करा, मोऱ्या चिखलाने बुजवा, प्रत्येक खाचरात एक काठी रोवून पाण्याच्या रेषेवर खूण करा. सकाळी ऊन लागायच्या आत पुन्हा बघा. रात्री बाष्पीभवन जवळजवळ नसतं, त्यामुळे जे उतरलं ते मुरलेलं किंवा बांधातून गेलेलं. बारा तासांत २-३ मिमी उतरलं तर खाचर उत्तम. १ सेंमी किंवा जास्त उतरलं तर गळतंय.

आता पाइप. ड्रेनेजला वापरतात तो ११० मिमीचा, म्हणजे चार इंची पीव्हीसी पाइप घ्या. त्याहून बारीक नको, आतला गाळ हाताने काढता आला पाहिजे. ३० सेंमीचा तुकडा कापा. एका टोकाकडून २० सेंमीपर्यंत सगळ्या बाजूंनी ५ मिमीच्या बिटने भोकं पाडा, दोन भोकांत २ सेंमी अंतर. दीडशेच्या आसपास भोकं होतात. पाचपन्नास पाडून थांबलात तर चिखलात ती बुजतात आणि पाइपातलं पाणी बाहेरच्या पाण्याशी जुळत नाही. वरचे १० सेंमी कोरे ठेवा.

लावणीनंतर रोपं धरली की भोकांचा भाग जमिनीत आणि कोरा भाग वर, असा सरळ रोवा. फाळाखालचा घट्ट थर लागला तर तिथेच थांबा, ठोकून तो फोडू नका. थर फुटला की खाचराला पाइपाच्या मापाचं भोक पडलं समजा. मग आतला सगळा चिखल काढा, तळ दिसला पाहिजे. पाणी सोडल्यावर तासाभरात आतलं आणि बाहेरचं पाणी एका पातळीला आलं तर पाइप बरोबर बसलाय. नाही आलं तर काढून धुवा.

जागा बांधापासून किमान एक मीटर आत, पण बांधावरून वाकून वाचता येईल इतकी जवळ. खाचराचा उंचवटा नको, खोलगटही नको. तुमच्याकडे मुरमाड आणि चिकट असे दोन प्रकार आहेत, तेव्हा दोन्हीकडे स्वतंत्र पाइप हवेत. एकाच्या वाचनावर दुसऱ्याला पाणी देऊ नका.

वाचन असं : पाइपाचा काठ जमिनीच्या १० सेंमी वर आहे. काठापासून आतल्या पाण्यापर्यंत पट्टीने मोजा. २५ सेंमी आलं म्हणजे पाणी जमिनीखाली १५ सेंमी गेलं. तेव्हा पुन्हा ५ सेंमी उभं राहील इतकं पाणी द्यायचं. ही १५ सेंमीची मर्यादा फिलिपाईन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने, म्हणजे इरीने, घालून दिलेली आहे. कारण साधं आहे. पाणी तिथपर्यंत उतरलं तरी वरच्या मातीत ओल टिकलेली असते आणि मुळं त्या पट्ट्यात असतात, त्यामुळे पिकाला ताण बसत नाही. या मर्यादेत राहिलं तर उत्पन्न घटत नाही आणि पाण्यात १५ ते ३० टक्के बचत होते. मुरमाड खाचरात मात्र पहिल्या हंगामात १० सेंमीलाच पाणी द्या, काठापासून २० सेंमी. तिथे माती ओल धरून ठेवत नाही.

एक गोष्ट नवख्यांना चकवते. उभं पाणी पाच दिवस टिकतं म्हणून जमिनीखालचे १५ सेंमीही पंधरा दिवस टिकतील असं वाटतं. तसं होत नाही. मातीच्या पोकळीत पाणी थोडंच असतं, म्हणून जमिनीखाली गेलं की पातळी झपाट्याने उतरते. चिकट खाचरात उभं पाणी संपल्यावर दोन-तीन दिवस मिळतात, मुरमाडात एखादाच. उभं पाणी दिसेनासं झालं की त्या दिवसापासून रोज सकाळी वाचन घ्या.

---

खाचर_शहापूर

मोजलं. ड्रम सुरुवातीला २४ सेकंदांत भरतो, शेवटी ३२. रात्रीचा उतार : वरच्या दोन मुरमाड खाचरांत दोन-दोन सेंमी, मधल्या तिघांत ३ ते ४ मिमी, सगळ्यात खालच्यात, जे नाल्याला लागून आहे, तिथे दीड सेंमी.

---

पाणीमाप

सरासरी २८ सेकंद धरा. तासाला २५-२६ हजार, तीन तासांत ७५ हजारांच्या पुढे. गरजेच्या अडीच पट पाणी तुम्ही आजही उपसताय. गळतीबद्दल पुढे कोणी बांधाचा जाणकार लिहील, पण माझ्या मते नाल्याकडचा बांध आधी धरा, मुरमाड खाचरं नंतर. वरच्या खाचरातून निसटलेलं पाणी बरंचसं खालच्या खाचरात येतं. नाल्याकडे गेलेलं परत येत नाही.

---

बांधबंदिस्ती

पाणीमाप यांचं बरोबर आहे, नाल्याकडचा बांध पहिला. पण आधी ठरवा की तिथे बांध गळतोय की तळ.

बुड कापलेली प्लास्टिकची बादली घ्या. खाचराच्या मध्यावर चिखलात १५ सेंमी दाबून बसवा, आत-बाहेर पाणी एका पातळीला आणा आणि रात्रभर ठेवा. बादलीत जेवढं उतरलं तेवढं तळातून मुरलं. बाहेर त्यापेक्षा जास्त उतरलं तर तो फरक बांधाचा. तुमच्या खालच्या खाचरात बादलीत ३ मिमी आणि बाहेर १५ मिमी असं काहीतरी दिसेल असा माझा अंदाज आहे. माती चिकट असून नाल्यालगतचंच खाचर गळतं तेव्हा बहुतेक वेळा ते मुठ्यांचं, म्हणजे शेतातल्या खेकड्यांचं, काम असतं.

मुठ्यांचं आणि उंदरांचं बीळ नाल्याच्या बाजूने शोधायचं, खाचराच्या बाजूने नाही. आत पाणी असल्याने तोंड दिसत नाही. बांधाच्या बाहेरच्या अंगाला ओलसर, हिरवं गवत तरारलेलं असेल किंवा बारीक धार लागलेली असेल, तिथे बीळ आहे. वरवर चिखलाचा गोळा कोंबून काही होत नाही, मुठा एका रात्रीत तो बाहेर काढतो. बीळ ज्या दिशेने वळलंय तसं कुदळीने उकरत जा, पूर्ण उघडं करा, मग घट्ट चिकणमाती थरथराने पायाने दाबत भरा. प्रत्येक थर पातळच हवा. सुकी ढेकळं टाकलीत तर त्यांच्यामधून पाणी वाट काढतं.

पुढच्या हंगामात चिखलणी करतानाच बांध आतून लिंपून घ्या. बांध पायथ्याशी ३० सेंमीपेक्षा अरुंद असेल तर आधी भर घाला. गवत आणि जुनी धसं (कापलेल्या भाताचे बुडखे) छिलून टाका, मग चिखलणीचा मऊ गाळ फावड्याने बांधाच्या आतल्या अंगाला ८-१० सेंमी जाड आणि पाण्याच्या रेषेच्या वरपर्यंत चोपडा. फावड्याच्या पाठीने घासून गुळगुळीत करा. नाल्याकडचा बांध फारच पोकळ असेल तर आतल्या अंगाला फूटभर खोल चर खणून जाड प्लास्टिक उभं गाडतात. चर भरताना प्लास्टिक मातीला चिकटून बसलं पाहिजे, मध्ये पोकळी राहिली तर उंदीर तिथेच घर करतात.

सुकवून भरायच्या पद्धतीत बांधाचा एक धोका कोणी सांगत नाही. खाचर सुकताना सगळ्यात आधी बांधाची आतली कड सुकते आणि तडकते. पाणी पुन्हा सोडलं की ते त्या भेगांतून पळतं आणि लोक म्हणतात, सुकवल्याने उलट जास्त पाणी लागलं. म्हणून पाणी सोडायच्या आधी एक फेरी मारा. बांधाच्या कडेच्या भेगा टाचेने दाबून बंद करा, जिथे मोठी असेल तिथे ओला चिखल भरा.

हेच खाचराच्या तळालाही लागू आहे. काळ्या मातीत केसाएवढ्या भेगा चालतात, त्या पाणी लागताच मिटतात. बोट जाईल एवढी भेग पडली तर ती घट्ट थरापर्यंत गेलेली असू शकते, आणि मग दिलेलं पाणी सरळ खाली जातं. तुमची काळी माती जर अशी लवकर फाटत असेल तर १५ सेंमीचा हट्ट नको, १० सेंमीलाच पाणी द्या. पाइपापेक्षा भेगेवर जास्त विश्वास ठेवा.

वरच्या दोन मुरमाड खाचरांना आडवी-उभी दोनदा चिखलणी आणि भरपूर शेणखत याने थोडा फरक पडेल, पण दिवसाला चार सेंमी मुरणारी जमीन भाताची नाही. पुढच्या वर्षी खरिपाचं भात कापल्यावर तिथे ओलीवर वाल टाका, किंवा चवळी, मूग. भेंडी करत असाल तर ठिबकवर ती. उन्हाळी भात खालच्या चार खाचरांतच ठेवा. माझ्या मते पाण्याची सगळ्यात मोठी बचत हीच आहे.

---

मुरबाड_ऑटो

एक भर घालतो. शेतीची लाईट रात्रपाळीला असते तेव्हा पंप ऑटोवर टाकून सगळे झोपतात. लाईट आली की पंप सुरू, आणि खाचर भरून वाहायला लागलं तरी पहाटेपर्यंत चालूच. ५ सेंमी द्यायचं ठरवून १२ सेंमी जातं ते इथे. दोन उपाय : स्टार्टरला टायमर बसवून घ्या आणि वरच्या हिशोबाने तास ठरवा. तुमच्या २५ हजार लिटरच्या पंपाला ५ गुंठ्यांचं एक खाचर ५ सेंमी भरायला एक तास लागतो. दुसरं, मोरीचा उंबरा जमिनीपासून बरोबर ५ सेंमीवर ठेवा, म्हणजे जास्तीचं पाणी पुढच्या खाचरात उतरेल. शेवटच्या खाचराची नाल्याकडची मोरी मात्र उन्हाळ्यात कायमची बुजवून टाका, ती फक्त पावसाळ्याची आहे.

---

अंबरनाथ_भातवाली

खताचं काय? सुकवून भरलं की युरिया वाया जातो असं आमच्याकडे म्हणतात. आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या वापरल्या असतील तर ही पद्धत चालते का?

---

चारसूत्री

ताई, युरिया वाया जातो हे खरं आहे, पण चुकीच्या वेळी टाकला तरच. खाचर सुकलं की मातीत हवा शिरते आणि अमोनियाच्या रूपातलं नत्र नायट्रेट होतं. पुन्हा पाणी भरलं की तेच नायट्रेट वायू होऊन उडून जातं किंवा पाण्याबरोबर खाली झिरपतं. म्हणजे युरिया टाकायचा, मग खाचर सुकू द्यायचं, मग भरायचं, हा क्रम सगळ्यात वाईट. उभ्या पाण्यात भर दुपारी फेकणंही वाईटच. शेवाळामुळे दुपारी पाण्याचा सामू (पीएच) वाढतो आणि अमोनिया उडतो.

बरोबर क्रम असा : पाइपात पाणी १५ सेंमी खाली गेलं, आता पाणी द्यायचंच आहे, तर संध्याकाळी आधी युरिया फोका आणि लगेच पाणी सोडा. पाण्याबरोबर युरिया मातीत खाली उतरतो आणि मुळांच्या पट्ट्यात जाऊन बसतो. त्यानंतर पुढचे चार-पाच दिवस उभं पाणी टिकलं पाहिजे. म्हणून ज्या पाळीला युरिया द्यायचा ती पाळी पूर्ण ५ सेंमीची द्या, अर्धवट नको.

प्रमाणाचा हिशोब सोपा आहे. हेक्टरी १०० किलो नत्र धरलं तर गुंठ्याला १ किलो नत्र, म्हणजे सुमारे २ किलो १७० ग्रॅम युरिया. तो ४०, ४० आणि २० टक्के असा लावणी, फुटवे आणि लोंबी धरायची वेळ यांत विभागा. डीएपी किंवा मिश्रखत दिलं असेल तर त्यातलं नत्र यातून वजा करा. आणि हो, मोरीने वरून खाली पाणी उतरत असेल तर खत टाकल्यावर मोऱ्या बंद. नाहीतर वरच्या खाचराचं खत खालच्याला जातं. वरचं भात पिवळं आणि खालचं गडद हिरवं, लोळणारं दिसलं तर कारण तेच असतं.

आता गोळ्या. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री पद्धतीत लावणी १५-२५ सेंमी आलटून पालटून असते आणि १५ सेंमीच्या चौकोनातल्या चार चुडांच्या, म्हणजे रोपांच्या जुडग्यांच्या, मध्ये २.७ ग्रॅमची एक गोळी, ७ ते १० सेंमी खोल, लावणीच्याच दिवशी खोचतात. गुंठ्याला ६२५ गोळ्या, वजनाने १.७ किलोच्या आसपास. पाणी वाचवणाऱ्यासाठी गोळ्या उलट फायद्याच्या आहेत, कारण नत्र खोल असल्याने वाहत्या पाण्याबरोबर जात नाही आणि उडतही नाही. चिकट जमिनीत पाणी १५ सेंमी खाली गेलं तरी ७-१० सेंमीवरची माती चिंब असते, गोळीचं नत्र शाबूत राहतं. मुरमाडात ती माती सुकते, म्हणून तिथे १० सेंमीच्या आत पाणी द्या. गोळी खोचताना चिखलात पाणी अगदी पातळ ठेवा आणि भोक अंगठ्याने बुजवा. उघडं राहिलेलं भोक म्हणजे वर फेकलेला युरिया.

---

भिवंडी_खारपट्टा

खाडीकाठच्या लोकांसाठी एक इशारा द्यायचा आहे, कारण वाचणाऱ्यांत तेही असतील. भिवंडी, ठाण्याची खाडी, पनवेल-उरणकडचा पट्टा, जिथे जमीन खारी आहे तिथे ही पद्धत करू नका. खाचर सुकलं की खालचं खारं पाणी मातीतून वर चढतं, पाणी उडून जातं आणि मीठ मुळांपाशी साठतं. पानांची टोकं पांढरी पडून सुकायला लागतात. खाऱ्या खाचरात उभं गोडं पाणीच मिठाला खाली दाबून ठेवतं. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रातून आलेली पनवेल-१, २, ३ ही वाणं क्षार सोसतात, पण म्हणून ती सुकवायची नसतात. तुमच्याकडे बचत करायची तर ती उघाडी (खाडीच्या बांधातली पाण्याची दारं) आणि बांध नीट ठेवून, भरतीचं पाणी आत येऊ न देऊन.

---

कालव्याचं_टोक

आमच्याकडे भातसा उजव्या कालव्याचं पाणी. मुंबईला जाणाऱ्या पाण्याचा जवळपास निम्मा वाटा या धरणाचा, पण आमच्या पाटाला पाणी आवर्तनाप्रमाणेच येतं. पाइपात २५ सेंमी झालं म्हणून कोणी गेट उघडत नाही. मग पाइप कशाला रोवायचा?

---

पाणीमाप

कालव्यावर पाइप वेगळ्या कामासाठी. पाळी दहा दिवसांची असेल आणि तुमचं खाचर रोज १ सेंमी खात असेल, तर ५ सेंमी भरून सातव्या-आठव्या दिवशी तुम्ही मर्यादेला पोचता, पुढचे दोन-तीन दिवस ताणाचे. ७ ते ८ सेंमी भरलंत तर दहावा दिवस निभतो. त्यासाठी बांध आणि मोरीचा उंबरा तेवढा उंच हवा. पाइप तुम्हाला हे सांगतो की पाळी आली त्या दिवशी तुम्ही किती खाली होता. ८ सेंमीच खाली असाल तर यंदा पूर्ण भरायची गरज नाही, पाणी पुढे जाऊ द्या. टोकाच्या माणसाला पाणी पोचत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा कालव्याच्या तोंडाकडचा माणूस भरलेल्या खाचरात पुन्हा भरतो, हेच असतं.

अडचण खरी आहे ती पाणीपट्टीची. ती क्षेत्रावर असेल तर वाचवणाऱ्याला पैशात काहीच मिळत नाही. पाणी वापर संस्था असेल आणि संस्थेला घनमापाने पाणी मिळत असेल, तर वाचलेलं पाणी तुमच्याच पाटावर फिरतं. राज्याच्या २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यात त्याची सोय आहे. एकट्याने पाइप रोवण्यापेक्षा पाटावरच्या आठ-दहा जणांनी मिळून रोवले तर टोकाला फरक दिसतो.

आणखी एक. खाचरातून खाचरात पाणी उतरवायची पद्धत असेल तोवर एकाला सुकवून दुसऱ्याला भरणं जमत नाही. बांधाच्या कडेने एक छोटा पाट काढा, किंवा अडीच इंची एचडीपीई पाइप खाली नेऊन प्रत्येक खाचरापाशी टी आणि व्हॉल्व्ह द्या. मूळ प्रश्नकर्त्यासाठी तर हे हवंच, कारण त्यांची मुरमाड खाचरं वर आहेत. खालच्या चिकट खाचराला पाणी पाजायचं तर आधी वरच्या मुरमाडाची तहान भागवावी लागते.

---

नेरळ_गादीवाफा

चिखलणीच न करणं हा पर्याय कोणी काढला नाही. नेरळच्या सगुणा बागेतून आलेल्या एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) पद्धतीत गादीवाफे एकदाच करायचे, साच्याने २५ सेंमीवर खुणा करून बी थेट टोकायचं, चिखलणी नाही, लावणी नाही. नुसत्या चिखलणीसाठी जमीन भिजवायला १५ ते २० सेंमी पाणी जातं, तेच वाचतं. वरच्या हिशोबाने ३० गुंठ्यांवर साडेचार ते सहा लाख लिटर.

---

बांधबंदिस्ती

पद्धत चांगली आहे, खरिपात तर मजूर नसलेल्या गावांना मोठाच आधार. पण उन्हाळ्यात दोन गोष्टी तोलून बघा. चिखलणी नसल्याने तळ बंद झालेला नसतो, मुरमाड जमिनीत पाण्याच्या पाळ्या जवळजवळ द्याव्या लागतात. आणि उभं पाणी नसल्याने तण पहिल्या महिन्यात जोरात येतं, तणनाशकाची वेळ चुकली तर पीक हातचं जातं. चिकट जमिनीत, आधीची धसं जागेवर ठेवून, जरूर करावी. मूळ प्रश्नकर्त्याचं यंदाचं पीक मात्र उभं आहे, तेव्हा हा विषय पुढच्या हंगामाचा.

चिखलणीतही पाणी वाचवता येतं हे सांगायचं राहिलं. खरिपाचं भात कापल्याबरोबर, ओल असतानाच उथळ नांगरट करून ठेवा. ती केली नाही तर डिसेंबरपर्यंत काळ्या जमिनीला खोल भेगा पडतात, आणि भिजवायला सोडलेलं पहिलं पाणी त्या भेगांतच गडप होतं. भिजवल्यावर एक-दोन दिवसांत चिखलणी आणि लगोलग लावणी. भरलेलं खाचर रोपांची वाट बघत आठवडाभर ठेवणं म्हणजे नुसतं पाणी जिरवणं. फळी मारताना उंचसखलपणा २-३ सेंमीच्या आत आणा. खाचरात १० सेंमीचा चढउतार असेल तर पाइप कुठेही रोवा, अर्ध्या खाचराला तो चुकीचंच सांगणार.

---

खाचर_शहापूर

नाल्याकडच्या बांधात तीन बिळं मिळाली, भरली. बादलीची चाचणी लावली होती : आत ३ मिमी, बाहेर आता ५. आता अवस्थेप्रमाणे पाण्याचं आणि तणाचं सांगा.

---

पाणीमाप

तीन बिळांनी केवढं पाणी नेलं ते बघा. दीड सेंमीचं ५ मिमी झालं.

लावणीनंतर पहिले दोन आठवडे २-३ सेंमी पाणी ठेवा, सुकवणं नाही. रोप मुळं धरतं आणि तणाचं बी उगवत नाही. प्रेटिलाक्लोर ५० ईसी हे तणनाशक वापरत असाल तर लावणीनंतर ३ ते ५ दिवसांत, गुंठ्याला १० ते १५ मिली, याच पातळ पाण्यात. ते पाणी दोन-तीन दिवस बाहेर सोडायचं नाही, नाहीतर औषध खालच्याच्या शेतात. तण मुळातच जास्त असेल तर सुकवण्याची सुरुवात आणखी एक आठवडा पुढे ढकला. कोनोविडर (हाताने ढकलायचं तण काढायचं अवजार) फिरवायचा तर २-३ सेंमी पाणी हवं, सुक्या चिखलात तो अडतो. बिसपायरीबॅकसारखं उगवणीनंतरचं औषध मारायचं असेल तर ते सुकलेल्या पाळीत मारा, तणाची पानं उघडी पाहिजेत, आणि दोन-तीन दिवसांच्या आत पाणी भरा. तुमच्या सुकवण्याच्या पाळीशी ते आपोआप जुळतं. लेबलवरची मात्रा मात्र एकदा वाचून घ्या.

तिसऱ्या आठवड्यापासून पोटरी येईपर्यंत पाइपाप्रमाणे. फेब्रुवारीत चिकट खाचरांना सात-आठ दिवसांनी पाळी येईल, मार्च लागला की पाच-सहा. दिवसांवर जाऊ नका, वाचनावर जा. या काळात उंदरांवर नजर ठेवा, सुक्या खाचरात त्यांना फिरायला सोपं जातं. फेब्रुवारीतल्या थंड रात्री आणि जोडीला पाण्याचा ताण, या दोन्हीने करपा वाढतो. पानांवर डोळ्याच्या आकाराचे, मध्ये राखाडी ठिपके दिसले तर सुकवणं थांबवून पाणी उभं करा. उलट तपकिरी तुडतुडे बुंध्यावर दिसले तर पाणी काढून खाचर चार दिवस सुकवणं फायद्याचं.

आता मुख्य. निसवणीच्या (लोंबी बाहेर पडण्याच्या) आठवडाभर आधीपासून फुलोरा संपल्यानंतर आठवड्यापर्यंत ५ सेंमी पाणी उभंच. इथे एक पाळी चुकली तरी दाणे वांझ राहून पळींज (पोकळ दाणे) वाढतं, आणि ते मागाहून कशाने भरून येत नाही. तुमचा फुलोरा मार्चच्या मध्यानंतर येणार. फुलोऱ्याच्या वेळी तापमान ३५ अंशांच्या वर गेलं की परागकण मरायला लागतात, आणि आपल्याकडे त्या दिवसांत ते जातंच. उभं पाणी असलं की पीक स्वतःला थोडं गार ठेवू शकतं. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत वाचवलेलं पाणी इथे खर्च करायचं. विहिरीत रोज झरा येतो तो तेवढाच. फेब्रुवारीत उपसा कमी ठेवलात तर मार्चला पातळी वर असते, ड्रमही लवकर भरतो. उपशाची वेळ शक्यतो पहाटेची धरा.

आणि यंदा फुलोऱ्यात पाणी कमी पडलंच, तर सहाही खाचरांना थोडं थोडं वाटू नका. वरची दोन मुरमाड सोडून द्या, खालची चार पूर्ण भरा. अर्धपोटी सहा खाचरांपेक्षा चार खाचरांचं भात जास्त भरतं.

दाणा भरताना पुन्हा पाइपाप्रमाणे. लोंब्या वाकून खालचे दाणे कडक व्हायला लागले की पाणी तोडा : चिकट खाचरात कापणीच्या १२ ते १५ दिवस आधी, मुरमाडात आठ-दहा. लवकर तोडलं तर दाणा बारीक राहतो आणि गिरणीत कणी जास्त निघते. उशिरा तोडलं तर जमीन ओली राहून भात लोळतं. कापणीच्या आदल्या दिवशी पाइप उपटून धुवून ठेवा. राहिला तर विळा लागून काठ फुटतो आणि पुढच्या वर्षी मोजमापाला तो उपयोगाचा राहत नाही.